‘मागे’ म्हणजे कोणाच्या मागे?

मुक्ताईनगरला म्हातारी माणसे अजूनही एदलाबाद म्हणतात. काही वर्षांपूर्वी ईदनंतरच्या एका दुपारी आम्ही चार-पाच जण तिथे एका नातेवाइकाच्या घरी बसलो होतो. शिरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या होत्या आणि घरातल्या मुलीच्या स्थळाचा विषय निघाला होता. मुलगा तडवी, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा. डी.एड. झालेला, शाळेत शिक्षक, निर्व्यसनी, नमाजी. मुलीच्या मामूंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “लडका तो अच्छा है, पर वो लोग अभी पीछे हैं. और दो पीढी जाने दो.”

त्यावर कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. पान आले, गप्पा कापसाच्या भावाकडे वळल्या आणि ते स्थळ तिथेच संपले.

मामूंवर दोष ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मामू भले माणूस आहेत. त्यांच्या तोंडातला ‘पीछे’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हता. तो फार लांबून आला होता. कोणीतरी साऱ्या जगातल्या माणसांसाठी एक शिडी उभी केली, प्रत्येकाची पायरी ठरवून दिली, आणि ती शिडी आपल्या घरात, आपल्या दस्तरखानापर्यंत येऊन पोचली. ती कशी आली आणि आपण तिला इतक्या सहज टेकू का देतो, याचा विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

तडवी म्हणजे मुसलमान झालेले भिल्ल. रावेर, यावल, चोपडा या बाजूला, सातपुड्याच्या कुशीत त्यांची गावे आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘तडवी भिल्ल’ हे नाव आहे. अनुसूचित जमात ठरण्यासाठी धर्माची अट नाही, म्हणून कलमा पढूनही त्यांचे आदिवासीपण कायद्याने मानले. आपल्या समाजात मात्र या एकाच गोष्टीवरून दोन बोलणी ऐकू येतात. त्यांना सवलत मिळते म्हणून आपण त्यांचा हेवा करतो, आणि ते मागे आहेत म्हणून त्यांच्या घरी मुलगी देत नाही.

आता एक गोष्ट आधीच कबूल केली पाहिजे. माणसाने माणसाला हलके समजणे इंग्रजांनी शिकवले असे नाही. चौदाव्या शतकात दिल्लीच्या झियाउद्दीन बरनीने राज्यकारभारावर ग्रंथ लिहिला आणि खालच्या कुळातल्यांना लिहायला-वाचायला शिकवू नये असा सल्ला त्यात दिला. इब्न खल्दूनसारखा थोर विचारवंत १३७७ साली ‘मुकद्दिमा’ लिहितो. हामच्या वंशजांना शाप मिळाला म्हणून ते काळे झाले, ही कथा तो धुडकावून लावतो आणि रंग हवामानामुळे येतो असे सांगतो. तोच इब्न खल्दून आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या माणसांना जनावरांच्या पंक्तीत बसवतो. जहांगीर बादशहाला मलिक अंबर रणात हरवता आला नाही, तेव्हा त्याने अंबरच्या कापलेल्या डोक्यावर आपण बाण मारतो आहोत असे चित्र काढून घेतले. त्याच्या लेखणीतून अंबरच्या काळ्या रंगावरचा टोमणाही सुटत नाही.

आणि मलिक अंबर होता कोण? हबशांच्या मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला माणूस. त्याने निजामशाही सावरली, १६१० च्या सुमारास खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद झाली. त्याने बांधलेली नहर आणि घालून दिलेली जमीन महसुलाची पद्धत १६२६ साली तो वारल्यावरही मागे राहिली. पुढे युरोपातला हेगेल आपल्या व्याख्यानांतून सांगत होता की आफ्रिकेला इतिहास नाही. त्या वेळी एका आफ्रिकी माणसाने वसवलेले शहर आपल्या दख्खनमध्ये दोनशे वर्षे नांदत होते.

म्हणजे तिरस्कार जुना आहे. मग नवे काय घडले? आमच्या मते नवे हे की तिरस्काराला घड्याळ जोडले गेले. पूर्वीचा गर्विष्ठ माणूस म्हणे, ‘तू माझ्याहून हलका आहेस.’ एकोणिसाव्या शतकातला साहेब म्हणू लागला, ‘तू माझ्याहून उशिरा आहेस. मी जिथे आहे तिथे तूही पोचशील, पण अजून वेळ आहे. तोवर तुझे राज्य मी चालवतो.’ हलकेपणाविरुद्ध माणूस भांडू शकतो. उशिराविरुद्ध कोणाशी भांडणार?

जेम्स मिलने १८१७ साली हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहिला. तो हिंदुस्थानात कधी आला नव्हता आणि इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. त्याने आपल्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तुकडे पाडले, आणि सुधारणेच्या शिडीवर हिंदुस्थानला बराच खाली बसवला. त्याचा मुलगा जॉन स्टुअर्ट मिल हा तर स्वातंत्र्याचा मोठा कैवारी. त्याचा स्वातंत्र्यावरचा १८५९ सालचा निबंध आपल्याकडच्या कित्येक सुधारकांनी आदराने वाचला. त्यातच तो सांगतो की हे तत्त्व प्रौढ समाजांसाठी आहे. रानटी लोकांवर त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाही चालवणे योग्यच आहे. हा मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत पस्तीस वर्षे नोकरीला होता. १८७७ मध्ये अमेरिकेतल्या मॉर्गनने जंगली, रानटी आणि सुसंस्कृत अशा अवस्थांची मांडणी केली, आणि शिडीला शास्त्राचा रंग चढला.

मामूंचे ‘और दो पीढी जाने दो’ आणि मिलचे ‘अजून वेळ आहे’ या दोन वाक्यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही.

ही शिडी खानदेशात कशी उतरली ते पाहू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. पेशवाईच्या शेवटच्या काळात दुष्काळ, लुटालूट आणि सरदारांच्या क्रूर शिक्षा यांनी भिल्ल डोंगरात ढकलले गेले होते. आधी तो काळ सोन्याचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण घाटवाटा राखण्याचे, गावच्या जागल्याचे भिल्लांचे जुने हक्क होते. इंग्रजांनी पहिली काही वर्षे बंदुकीने प्रयत्न केला. तो जमेना, तेव्हा १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली आणि जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा अधिकारी तिच्यावर नेमला गेला. तो भिल्लांबरोबर राहिला, त्यांच्याबरोबर वाघाची शिकार केली आणि त्यांचा विश्वास मिळवला. ही गोष्ट इंग्रजांनी पुढे अनेकदा सांगितली. रानातला माणूस गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली माणसात आला, असा तिचा मथळा.

या गोष्टीत बरेच खरे आहे. भिल्लांना तगाई मिळाली, बैल मिळाले, पडीक जमीन मिळाली. पण तिच्यातून एक प्रश्न गाळला जातो. ज्याचा हक्क काढून घेतला त्याला पगार देऊन उभे केले, तर ते उपकार की परतफेड? सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक इंग्रजांच्याच नोकरीत होता. १८५७ च्या धामधुमीत तो उलटला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून मोह, डिंक, लाकूड आणले त्याच रानात माणूस चोर ठरला. दोन वर्षांनी, १८८० मध्ये, खानदेशचे गॅझेटियर छापून आले. भिल्ल कसे दिसतात, कसे राहतात, त्यांच्या सवयी काय, हे त्यात तपशिलाने आहे. रान गेल्यावर राहिलेल्या माणसाचे वर्णन म्हणजे त्या माणसाचा मूळ स्वभाव, असे वाचणाऱ्याला वाटावे अशी त्या जुन्या पुस्तकांची रचना असते. आधी माणसाला पायरीवरून खाली ढकलायचे आणि मग ‘हा खालच्या पायरीवर आहे’ अशी नोंद करायची. नोंद खरी असते, फक्त ढकलल्याची नोंद कुठे नसते.

१८७१ हे साल या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या एका वर्षात डार्विनचे मानवाच्या उत्पत्तीवरचे पुस्तक आले आणि टायलरचे आदिम संस्कृतीवरचे पुस्तक आले. त्याच वर्षी हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा या जमातींत गुन्हा बापाकडून मुलाकडे येतो, असा त्यामागचा युक्तिवाद होता. कायदा आधी उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ च्या नव्या कायद्याने त्याचा फास देशभर पसरला. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण हे त्याचेच फळ. ज्यांच्यावर हा शिक्का बसला त्यांत छप्परबंद होते, आणि छप्परबंद हे मुसलमान. आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी शिक्का कागदावरून पुसला गेला. पोलिसाच्या मनातून आणि शेजाऱ्याच्या मनातून तो किती पुसला, ते त्यांनाच विचारावे.

त्याच १८७१ मध्ये विल्यम हंटरचे हिंदुस्थानी मुसलमानांवरचे पुस्तक निघाले. राणीविरुद्ध बंड करणे हे मुसलमानांचे धार्मिक कर्तव्य आहे काय, हा त्याचा सवाल. म्हणजे एकाच वर्षी भटक्याचे रक्त आणि मुसलमानाचे इमान, दोन्ही संशयाच्या पिंजऱ्यात उभी राहिली. गंमत अशी की हंटरनेच लिहून ठेवले आहे की बंगालचे मुसलमान लष्कर, महसूल आणि न्याय या खात्यांतून इंग्रजी राज्यात बाहेर फेकले गेले. निदान इथे तरी ढकलल्याची नोंद झाली.

या शिडीला आपल्या लोकांनी काय उत्तर दिले? १८८३ मध्ये पॅरिसला अर्नेस्ट रेनाँने व्याख्यान दिले की इस्लाम आणि विज्ञान यांचे जमत नाही, आणि अरबांची बुद्धी तत्त्वज्ञानाला परकी आहे. जमालुद्दीन अफगाणी तेव्हा पॅरिसमध्येच होते. त्यांनी वर्तमानपत्रातून उत्तर दिले. अरबांच्या बुद्धीची त्यांनी बाजू घेतली. पण त्यांच्या उत्तरातला एक मुद्दा असा होता की ख्रिस्ती धर्म इस्लामपेक्षा काही शतके वयाने मोठा आहे, आम्हाला वेळ द्या, आम्हीही पोचू. नीट पाहिले तर अफगाणींनी शिडी नाकारली नाही, फक्त मुदत मागितली. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले. तिथली टापटीप आणि तालीम पाहून त्यांनी आपल्याच देशबांधवांविषयी असे कठोर शब्द लिहिले की आज वाचताना मान खाली जाते. त्यामागे कळकळ होती आणि त्या कळकळीतूनच अलीगड उभे राहिले, हेही खरे. पण मोजपट्टी साहेबाचीच होती.

मराठी मुलखातही हेच दिसते. टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेले. ज्या वंशाच्या सिद्धान्ताने हिंदुस्थानी माणूस खाली ठरत होता, त्याच सिद्धान्तात उच्चवर्णीयांना वरची जागा सापडली. जोतीरावांनी तोच सिद्धान्त उलटा फिरवला. आर्य बाहेरचे असतील तर ते आक्रमक आणि इथला शूद्र-अतिशूद्र हा भूमीचा धनी. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले. ज्या यादवी युद्धातून तिकडची गुलामगिरी संपली, त्याच युद्धाने इकडे खानदेशच्या कापसाचा भाव चढवला होता. अमेरिकेचा कापूस थांबला म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांना आमचा हवा होता. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळला आणि शेतकऱ्याच्या दारात सावकार उभा राहिला. प्रगतीची आगगाडी भुसावळला आली हे खरे, पण तिच्यातून काय गेले आणि काय आले याचा हिशेबही ठेवला पाहिजे.

मोजपट्टीवरच घाव घालणारेही इथे होऊन गेले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांचे म्हणणे होते की नाकाच्या मापावरून जातीची उंची कळते. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे समोर ठेवले आणि दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे ठरत नाहीत. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. हे फिशर आधी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत वंशसंकराचा अभ्यास करून आलेले, आणि पुढे हिटलरच्या राज्यात मानाने वावरलेले. युरोपियनांच्या कवटीची ठेवण वेगळी, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असे काही निघावे अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी निरनिराळ्या मुलखांतल्या कवट्या मोजल्या आणि लिहून दिले की असा संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्या समोर, पदवी पणाला लावून एका मराठी बाईने हे केले. पुढे इथे आल्यावर त्यांनीही माणसांची मापे घेणे चालूच ठेवले, हेही सांगितले पाहिजे. सवय लवकर सुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग प्रगती हे थोतांडच म्हणायचे का? मुली शिकल्या, देवी गेली, बाळंतपणात मरणाऱ्या बायका कमी झाल्या, हे सगळे खोटे? मुळीच नाही. सावित्रीबाईंबरोबर आपण फातिमा शेख यांचे नाव अभिमानाने घेतो ते त्यासाठीच. मुलीला अक्षर येणे हे न येण्यापेक्षा चांगले, यात वाद नाही. पण ‘या मुलीला अक्षर यावे’ आणि ‘हे लोक मागे आहेत’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य एका माणसाच्या भल्याविषयी आहे आणि ते आपल्यावर काम टाकते. दुसरे दोन समाजांची तुलना करते आणि बोलणाऱ्याला वर बसवते. साम्राज्याने ही दोन वाक्ये एकत्र शिवली. आपले काम ती शिवण उसवण्याचे आहे.

ती उसवता येते याचा पुरावा २००६ मध्ये मिळाला. ३० नोव्हेंबरला सच्चर समितीचा अहवाल संसदेपुढे आला. २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशाची साक्षरता ६४.८ टक्के आणि मुसलमानांची ५९.१ टक्के, असे त्यात होते. शाळा, नोकऱ्या, बँकेची कर्जे, सगळीकडचे आकडे होते. ‘मुसलमान मागे का?’ या प्रश्नाला ‘त्यांचा धर्मच तसा’ हे जे आयते उत्तर दिले जाई, त्याला त्या आकड्यांनी आव्हान दिले. जिथे शाळा नाही, रस्ता नाही, कर्ज नाही, तिथे धर्माला कशाला बोल लावता? त्यानंतर काही आठवड्यांतच संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत सरकारने स्वतःच कबूल केले की रानात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. ज्यांना सव्वाशे वर्षे ‘मागासलेले’ म्हटले, त्यांना देशाच्या कायद्याने ‘अन्याय झालेले’ म्हटले. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली ते वेगळे. पण शब्द बदलला, आणि शब्दाबरोबर जबाबदारीही दुसऱ्याच्या खांद्यावर गेली.

सच्चर अहवाल आपण मोहल्ल्या-मोहल्ल्यात वाचला, त्यावर सभा घेतल्या. आमचे मागे राहणे हा आमचा स्वभाव नाही, ती परिस्थिती आहे, असे आपण ठासून सांगितले. ते बरोबरच होते. पण हाच न्याय आपण तडवीला लावला का? स्वतःसाठी सच्चर आणि त्याच्यासाठी गॅझेटियर, हा कोणता इन्साफ?

आपल्या दीनमध्ये तर या शिडीला जागाच नाही. अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर काही श्रेष्ठत्व नाही, असेल तर ते तकव्याचे, हे हज्जतुल विदाच्या खुतब्यात सांगितले गेले. कबिले वेगळे केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून, हे कुरआन सांगते. हे आपण जुम्याला ऐकतो आणि मशिदीतल्या सफीत तडवीच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतो. सलाम फिरवून चपला घातल्या की शिडी पुन्हा उभी राहते.

आणि ज्या गावात आम्ही त्या दिवशी बसलो होतो त्या गावाने तरी आम्हाला आठवण द्यायला हवी होती. तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे. लोक सांगतात, चांगदेव चौदाशे वर्षांचा योगी. वाघावर बसणारा, सापाचा चाबूक करणारा. त्याने ज्ञानेश्वरांना पत्र पाठवले, पण वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे न कळल्याने कागद कोराच गेला. तो पाहून मुक्ताई म्हणाली की एवढी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. पुढे त्याच चांगदेवाने त्या पोरसवदा मुलीला गुरू केले. ही कथा आमच्या धर्मातली नाही, पण आमच्या गावातली आहे. वय, सिद्धी, वाहन हे सगळे पाशी असून माणूस मागे असू शकतो, आणि ज्याच्याकडे यातले काही नाही त्याच्याकडून शिकावे लागते, एवढे ती सांगते. ज्या मुलीच्या नावाने गाव ओळखले जाते, तिच्या गावात बसून आम्ही ‘पीछे’ हा शब्द निमूटपणे ऐकून घेतला.

त्या दुपारी विचारायला हवे होते, “मामू, पीछे म्हणजे कोणाच्या पीछे? आणि कोणी केलं?” भांडण झाले असते असेही नाही. मामूंनी कदाचित पानाची पिंक टाकून विषय बदलला असता. पण आतल्या खोलीत दाराआड मुलगी उभी होती, हे आम्हाला ठाऊक होते. तिला निदान एवढे तरी ऐकू गेले असते की बाहेर बसलेल्यांपैकी एकाला हा शब्द पटलेला नाही. तेवढेही आमच्या हातून झाले नाही. पुढच्या वेळी व्हावे, म्हणून हे लिहून ठेवले आहे.